दप्तरी दाखल झालेली गती

११ डिसेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे मुंबईहून आलेला एक लांबलचक निबंध दाखल झाला. लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन. वय चौतीस, मूळ गाव एडिंबरो, नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील नौदल उमेदवारांना शिकवण्याची. निबंधाचा मुद्दा थोडक्यात असा होता : हवा, वाफ किंवा कोणताही वायू म्हणजे अतिसूक्ष्म रेणूंचा समुदाय. हे रेणू पूर्ण स्थितिस्थापक असतात, म्हणजे टक्कर झाली तरी त्यांचा एकूण जोर घटत नाही. ते सगळ्या दिशांना अखंड धावत असतात, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. भिंतींवरच्या या माऱ्यालाच आपण दाब म्हणतो आणि धावण्यातल्या जोराला उष्णता. आज शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात आटोपणारी ही गोष्ट तेव्हा दोन परीक्षकांपुढे गेली. त्यांपैकी एकाने ती निव्वळ वायफळ ठरवली; सोसायटीपुढे वाचण्याचीही तिची लायकी नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. ५ मार्च १८४६ रोजी निबंधाच्या वाचनाचा उपचार पार पडला, छोटासा सारांश छापला गेला आणि मूळ हस्तलिखित दप्तरी दाखल झाले. ते पुन्हा कोणी उघडले ते १८९१ साली. लेखक त्याआधीच जगातून गेला होता.

ही कथा सहसा उपेक्षित प्रतिभावंताची म्हणून सांगितली जाते. एका बाजूला एकटा द्रष्टा, दुसऱ्या बाजूला मठ्ठ परीक्षक, आणि मधे साहेबी अहंकार. असा निवाडा करून टाकणे सोपे असते, पण त्याने खरा प्रश्न झाकला जातो. वॉटरस्टनच्या म्हणण्यात त्या काळच्या जाणत्या माणसांना न पचणारे असे नेमके काय होते? पदार्थ कणांचा बनला आहे, हे तर नक्कीच नव्हे. १८४५ साली कण मानणारा माणूस विक्षिप्त ठरत नसे. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये रसायनशास्त्राची घडी अणूंवरच बसवली होती. माझे म्हणणे असे, की अडचण कणांची नव्हती, त्यांच्या न थांबणाऱ्या हालचालीची होती. बंद खोलीतली हवा, तांब्यातले पाणी, उंबऱ्याचा दगड या तिन्ही ठिकाणी आपले डोळे स्थैर्य पाहतात. त्या स्थैर्याच्या पोटात कायमची धावपळ आहे आणि दाब, उष्णता, वितळणे, वाळणे हे सारे तिचेच व्यापार आहेत, हे मान्य करायला युरोपातल्या विज्ञानाला १७३८ पासून १९१३ पर्यंतचा काळ लागला. ही मान्यता आधी वायूंबाबत मिळाली, मग द्रवांबाबत, आणि स्थायूंबाबत सर्वांत शेवटी. वॉटरस्टनचा निबंध या लांब प्रवासातला एक मुक्काम आहे, आणि तो कशाला अडला हे पाहिले की सगळी वाट दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हालचालीची कल्पनाही जुनीच होती. हे खरे आहे. रोमन कवी ल्युक्रेशियस याने कवडशात नाचणाऱ्या धूलिकणांचा दाखला देऊन अदृश्य अणूंची धावपळ सुचवली होती. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात परमाणूंचा तपशीलवार विचार आहे. पण सृष्टीच्या आरंभी परमाणूंना हलवायला तिथे ‘अदृष्टा’ची गरज पडते. या दोन्ही परंपरांत मोजमाप नव्हते. कणांचा वेग दुप्पट झाला तर दाब कितीने वाढेल, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि विचारता येईल असे त्यांच्या कल्पनेचे रूपही नव्हते. शिवाय वैशेषिकांच्या ‘अदृष्टा’मागे जी शंका आहे ती अगदी व्यवहारी आहे. हललेली वस्तू थांबते. मग न थांबणाऱ्या वस्तूला कोण हलवत राहतो? न्यूटनच्या नियमांनी या शंकेचे अर्धेच उत्तर दिले. अडथळा नसेल तर गती टिकते, हे ठीक. पण सतत टकरा घेणारे कण काही काळाने तरी मंदावायला हवेत, कारण जमिनीवर टाकलेला चेंडू प्रत्येक उसळीला कमी उडतो आणि शेवटी निपचित पडतो. चेंडूची गती जाते कुठे, हे कळल्याशिवाय कणांची गती का जात नाही हे कळणार नव्हते. उत्तर पुढे मिळाले ते असे : चेंडूची गती त्याच्या आणि जमिनीच्या रेणूंत वाटली जाते, म्हणूनच दोन्ही किंचित तापतात. रेणूंची गती वाटून घ्यायला मात्र खाली आणखी कोणी नाही. एक रेणू मंदावला तर दुसरा वेगावतो. एकूण बेरीज तीच राहते.

हे उत्तर येण्याआधीच्या काळात कणांचे जे चित्र प्रचलित होते ते स्थिर होते, आणि ते मुळीच पोरकट नव्हते. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये दाखवले होते की हवेचा दाब दुप्पट केला की तिचे आकारमान निम्मे होते. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गणिताने दाखवले, की कण जागच्या जागी उभे असतील आणि शेजाऱ्याला अंतराच्या व्यस्त प्रमाणात लोटत असतील, तर हाच नियम मिळतो. म्हणजे हवा गादीत भरलेल्या कापसासारखी : दाबली तर दबेल, सोडली तर फुगेल. पुढे उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा अतिशय विरळ द्रव आहे असे मानले गेले. डाल्टनच्या अणूंभोवती या कॅलरिकचे वेष्टन होते. तापवले की वेष्टन जाड होते, कण दूर सरतात, पदार्थ प्रसरण पावतो. बर्फ वितळताना उष्णता ‘गुप्त’ होते, हे जोसेफ ब्लॅकने दाखवले होते. कॅलरिक कणांशी बांधला जातो असे म्हटले की त्याचाही उलगडा होई. लाप्लासने १८१६ मध्ये ध्वनीच्या वेगाचा न्यूटनने चुकवलेला हिशेब दुरुस्त केला, तोही कॅलरिक मानणाऱ्या चौकटीत राहून. जी कल्पना इतकी कामे करते तिला सोडून द्यायला कोणी सहज तयार होत नाही. तिच्याविरुद्ध केवळ तर्क पुरत नाही. ती जिथे अडते तिथे नवी कल्पना चालते, असे दाखवावे लागते.

हालचालीचा पक्ष तोवर दोनदा मांडून झाला होता. डॅनियल बर्नुली याने १७३८ च्या ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात दट्ट्याखाली कोंडलेल्या कणांचे चित्र काढून बॉइलचा नियम मिळवला, आणि कणांचा वेग वाढला की दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो असेही सांगितले. बर्नुली हा युरोपभर मान असलेला गणिती होता. तरीही त्या ग्रंथातले जलप्रवाहाचे विवेचन सर्वांनी उचलले आणि वायूचे पडून राहिले. दुसरा प्रयत्न इंग्लंडमधल्या जॉन हेरापाथचा. त्याने १८२० मध्ये आपला निबंध रॉयल सोसायटीकडे दिला. हंफ्री डेव्ही यांच्या हरकतींपुढे तो मागे घेतला आणि १८२१ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात छापला. डेव्ही स्वतः उष्णतेला गती मानणारे होते, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. हेरापाथच्या मांडणीत एक मोठी चूक होती : त्याने तापमान कणांच्या वेगाशी जोडले, वेगाच्या वर्गाशी नव्हे. मॅंचेस्टरच्या जेम्स जूलने १८४८ मध्ये हेरापाथच्याच वाटेने जाऊन हायड्रोजनच्या रेणूचा वेग काढला, तो सेकंदाला सुमारे ६००० फूट आला. त्या व्याख्यानाकडेही फारसे कोणी वळून पाहिले नाही. एक नामांकित, एक वादग्रस्त आणि एक नवोदित, अशा तिघांचीही एकच गत झाली. यावरून दिसते की वॉटरस्टनचे अपयश त्याच्या एकट्याच्या नशिबाचे नव्हते.

वॉटरस्टन १८३९ मध्ये मुंबईला आला. त्याआधी तो ब्रिटिश नौदलाच्या सागरी नकाशांच्या खात्यात होता, आणि त्या खात्याचे प्रमुख फ्रान्सिस बोफर्ट यांच्या पाठिंब्याने त्याला ही नोकरी मिळाली. शिकवण्यातून वेळ उरे आणि तो वेळ वाचनात व हिशेबात जाई. मुंबई म्हणजे विज्ञानापासून तुटलेले बेट, असे मात्र समजू नये. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती. १८४० मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भौतिक शास्त्रांचे विषय मराठीत आणायला सुरुवात केली होती. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि तिथल्या ग्रंथालयाचा वॉटरस्टनला उपयोग झाला. मुंबई ते सुएझ टपाल त्या काळी कंपनीच्या नौदलाच्याच आगबोटी नेत. पुस्तके होती, टपाल होते. नव्हती ती बरोबरीने वाद घालणारी माणसे. लंडनमध्ये राहणाऱ्याला आपला निबंध देण्याआधी चार जाणकारांना ऐकवता येई, कुठे अडते ते कळे, शब्द बदलता येत. मुंबईत बसून लिहिणाऱ्याला ही सोय नव्हती. त्याने जे पाठवले ते एकदम पूर्ण इमारतीसारखे होते, आणि तिच्यात शिरायचे दार कुठे आहे हे वाचणाऱ्याला सापडेना.

त्या इमारतीत होते काय? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक नियम : निरनिराळे वायू एकाच तापमानाला असतील, तर त्यांच्या रेणूंच्या वेगाचा वर्ग गुणिले वस्तुमान हा आकडा सरासरीने सर्वांचा सारखा असतो. हलके रेणू जोरात पळतात, जड रेणू सावकाश, आणि दोघांच्या धावण्यातला जोर सारखाच भरतो. तापमान म्हणजे काय, याचे हे पहिले नेमके उत्तर होते, आणि आजही ते पायाभूत मानले जाते. यातून आपोआप निघते की एकाच दाबाला आणि तापमानाला सारख्या आकारमानात कोणत्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने असतात. आवोगाद्रोने १८११ मध्ये जे गृहीत म्हणून सुचवले ते इथे निष्कर्ष म्हणून हाती येते. थॉमस ग्रॅहमला प्रयोगात दिसले होते की हलका वायू बारीक छिद्रातून लवकर निसटतो, आणि वेगाचे प्रमाण घनतेच्या वर्गमुळाशी व्यस्त असते. त्याचाही अर्थ याच नियमाने लागतो. निबंधात चुका होत्या. वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांच्या, म्हणजे दाब स्थिर ठेवून आणि आकारमान स्थिर ठेवून तो तापवायला लागणाऱ्या उष्णतांच्या, गुणोत्तराचा हिशेब फसला होता. स्वतः केलेला एकही प्रयोग लेखकाने जोडला नव्हता. परीक्षकांच्या बाजूने बोलणारा म्हणेल की पुराव्याविना इतका मोठा दावा मान्य करणे म्हणजे विज्ञानाची शिस्त मोडणे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मग तीच शिस्त कॅलरिकला लावायला हवी होती. कॅलरिक कोणी बाटलीत धरला नव्हता, त्याचे वजन कोणाला मिळाले नव्हते, आणि जागच्या जागी उभे राहून एकमेकांना लोटणारे कणही कोणी पाहिले नव्हते. दोन्ही बाजू अदृश्य गोष्टींबद्दलच बोलत होत्या. एकीला रुळलेपणाचा आधार होता, दुसरीला नव्हता. पुरावा मागण्यात परीक्षकांची चूक नव्हती. तो एकाच पक्षाकडे मागण्यात होती.

दहा-बारा वर्षांत वारे फिरले, आणि ते का फिरले हे स्पष्ट आहे. १८४० ते १८५० या दशकात जूल, मायर आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून हे ठरले की काम आणि उष्णता एकमेकांत ठरावीक भावाने बदलतात. उष्णता काम करताना खर्च होते, म्हटल्यावर ती अविनाशी द्रव कशी असणार? कॅलरिकची जागा मोकळी झाली आणि गतीच्या कल्पनेला बसायला आसन मिळाले. १८५६ मध्ये बर्लिनच्या क्रोनिगने एक छोटा लेख लिहिला. तो वॉटरस्टनच्या निबंधापेक्षा पुष्कळ तोकडा होता. पण त्यामुळे रुडॉल्फ क्लॉसियसने आपले साठवलेले विचार १८५७ मध्ये छापले, आणि शाळेत शिकवले जाणारे तीन अवस्थांचे चित्र तिथे सलगपणे येते. स्थायूत रेणू ठरलेल्या जागेभोवती थरथरतात, जागा सोडत नाहीत. द्रवात ते शेजाऱ्यांच्या पकडीतून सुटत नाहीत, पण शेजारी बदलत राहतात. वायूत ते पकडीबाहेर पडून सरळ रेषेत धावतात. क्लॉसियसने त्यातच बाष्पीभवनाचाही उलगडा केला : द्रवात सर्वांचा वेग सारखा नसतो, पृष्ठभागावरचा एखादा जोरकस रेणू पकड तोडून निघून जातो. वेगवान गेले की उरलेल्यांची सरासरी उतरते. माठातले पाणी उन्हाळ्यात गार का होते, याचे कारण इतकेच, की माठाच्या अंगातून पाझरून उडून जाणारे रेणू आपल्या वाट्यापेक्षा अधिक जोर घेऊन जातात.

नव्या सिद्धांतावर पहिला बोचरा आक्षेप १८५८ मध्ये हॉलंडच्या बाइस बॅलट याने घेतला. रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील तर एका कोपऱ्यातला वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचायला मिनिटे का लागतात? स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या फोडणीची वार्ता ओसरीवर क्षणार्धात यायला हवी. क्लॉसियसने त्याच वर्षी उत्तर दिले : रेणू वेगाने धावतो, पण फार दूर जात नाही. दोन टकरांच्या मधले अंतर अगदी क्षुल्लक असते आणि प्रत्येक टकरीला दिशा बदलते. जत्रेच्या गर्दीत धावू पाहणाऱ्याची जी अवस्था, तीच त्याची. आजच्या हिशेबाने साध्या हवेतला रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जातो, आणि त्या एका सेकंदात त्याच्या काही अब्ज टकरा होतात. हे उत्तर केवळ बचाव ठरले असते. पण मॅक्सवेलने ते उचलून १८६० मध्ये त्यातून एक चमत्कारिक भाकीत काढले. वायू विरळ केला तरी त्याचा चिकटपणा, म्हणजे हलणाऱ्या वस्तूला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, कमी होणार नाही. ही गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट होती आणि मॅक्सवेललाही खटकली होती. १८६५ च्या सुमारास त्याने लंडनच्या राहत्या घरी पत्नी कॅथरीनच्या मदतीने प्रयोग केला आणि भाकीत खरे निघाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या लोश्मिटने टकरांमधले अंतर आणि द्रवाचे आकारमान यांची सांगड घालून रेणूचा आकार अंदाजला : मिलिमीटरचा सुमारे दहा लाखावा भाग. मोजमाप रेणूपर्यंत पोचू लागले होते.

वायूच्या बाबतीत इतके झाल्यावरही द्रव हे वेगळे राज्य वाटे. आयर्लंडच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये दाखवले की सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, आणि योग्य वाट धरली तर वायूपासून द्रवापर्यंत कुठेही सीमारेषा न ओलांडता जाता येते. व्हान डर वाल्स याने १८७३ मध्ये लायडनच्या प्रबंधात त्याचे स्पष्टीकरण दिले. रेणूंना स्वतःचा आकार आहे आणि त्यांच्यात ओढ आहे, एवढ्या दोन गोष्टी हिशेबात धरल्या की वायू आणि द्रव एकाच समीकरणात बसतात. वाफेचा रेणू, पाण्याचा रेणू आणि बर्फाचा रेणू असे तीन प्रकार नाहीत. रेणू तोच, त्याची धाव आणि शेजाऱ्यांची ओढ यांपैकी कोण वरचढ, यावर अवस्था ठरते. तरीही व्हिएन्नाचा माख आणि लाइपझिगचा ओस्टवाल्ट यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ शतक संपेपर्यंत म्हणत राहिले की रेणू ही हिशेबाची सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्यांना हट्टी म्हणून उडवून लावता येणार नाही. विशिष्ट उष्णतांचे आकडे सिद्धांताशी जुळत नव्हते, हे मॅक्सवेलनेच कबूल केले होते. त्यांचे मागणे रास्त होते : ज्या धावपळीवर तुम्ही एवढा डोलारा उभारता, तिचा माग डोळ्यांना लागेल असे काही दाखवा.

तो माग पाऊणशे वर्षांपासून सूक्ष्मदर्शकाखाली होता. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याने एका फुलाच्या परागातून निघालेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. हे जीवनाचे लक्षण असावे, असे वाटणे स्वाभाविक होते. ब्राउनने ती शंका स्वतःच मोडून काढली : काच, खनिजे, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सच्या दगडाचा चुरा घेतला तरी कण तसेच नाचले. कारण मात्र त्याने सांगितले नाही. १८८८ मध्ये फ्रान्सच्या गुईने काळजीपूर्वक प्रयोग करून धक्के, प्रकाश, उष्णतेचे प्रवाह अशी बाहेरची कारणे बाद ठरवली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने आकडा दिला : मिलिमीटरचा हजारावा भाग व्यास असलेला कण पाण्यात एका मिनिटात सरासरी सहा हजारांश मिलिमीटर सरकला पाहिजे. १९०६ मध्ये स्मोलुखोव्स्कीने स्वतंत्र वाटेने जवळपास तोच निष्कर्ष काढला. मग पॅरिसमध्ये झाँ पेराँ याने गँबोज हा पिवळा रंग हाती घेतला. आपल्या कोकमाच्या कुळातल्या झाडाचा हा चीक; पाण्यात घोटला की त्याच्या बारीक गोळ्या होतात. एक किलो गँबोज महिनोन्‌महिने यंत्रात फिरवून त्याने सारख्या आकाराच्या कणांचे जेमतेम काही दशांश ग्रॅम मिळवले. हे कण पाण्यात तळाशी दाट आणि वर विरळ होतात, अगदी हवेसारखे. त्याने सुमारे १३,००० कण मोजले. तळाजवळ १०० असतील, तर दर ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेल्यावर ४७, मग २२.६, मग १२. हवेतला प्राणवायू निम्मा व्हायला सुमारे पाच किलोमीटर वर जावे लागते, इथे तेच ३० मायक्रॉनमध्ये होते. म्हणजे पाण्यात भरणाऱ्या वजनाच्या हिशेबाने हा कण प्राणवायूच्या रेणूच्या सुमारे साडेसोळा कोटी पट जड. एका टोकाला डोळ्यांनी मोजता येणारा कण, दुसऱ्या टोकाला अदृश्य रेणू, आणि दोघांना एकच नियम लागू. १९१३ च्या ‘ले झातोम’ या ग्रंथात पेराँने निरनिराळ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या मार्गांनी काढलेली रेणूंची संख्या शेजारी शेजारी मांडली; आकडे एकमेकांच्या जवळ आले. ओस्टवाल्टने त्याआधीच आपली हार जाहीरपणे मान्य केली होती.

उरला स्थायू, आणि स्थैर्याचा हा शेवटचा गडही त्याच काळात पडला. लंडनच्या टांकसाळीतले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी १८९६ मध्ये दाखवले की शिशाच्या तळाशी सोने ठेवून शिसे न वितळेल इतकेच तापवले, तरी सोने हळूहळू शिशात वर चढते. धातू घनच राहतो आणि त्याच्या आत अणूंची स्थलांतरे चालू असतात. आइन्स्टाइनने १९०७ मध्ये अणूंच्या थरथरण्यावर पुंज कल्पना, म्हणजे ऊर्जा ठरावीक पुडक्यांतच दिली-घेतली जाते ही कल्पना, बसवून हिऱ्याची उष्णता साठवण्याची क्षमता अपेक्षेपेक्षा कमी का, हे सांगितले. विशिष्ट उष्णतांच्या जुन्या कोड्याची गाठ तिथून सुटू लागली. १९१२ मध्ये लाऊए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवले, आणि पुढच्या वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी साध्या मिठातले अणू कसे रांगेत बसतात ते ठरवले. कोणी म्हणेल, इथे तर अणू जागेवरच सापडले, मग स्थिर कणांचा पक्ष अखेर खराच ठरला की! पण रांगेत जागा ठरलेली असणे निराळे आणि जागेवर निश्चल असणे निराळे. स्फटिक तापवला की रांगा त्याच राहतात, थरथर वाढते, क्ष-किरणांचे ठिपके फिकट होतात; थरथर मर्यादेपलीकडे गेली की रांगाच मोडतात आणि त्यालाच आपण वितळणे म्हणतो.

आता दप्तराकडे परत येऊ. वॉटरस्टन १८५७ मध्ये मुंबई सोडून एडिंबरोला गेला. आपल्या निबंधाची प्रत त्याने ठेवली नव्हती, आणि सोसायटीपुढे वाचला गेलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होई, म्हणून मूळही त्याला परत मिळेना. १८५८ च्या ध्वनीवरील एका लेखात त्याने त्या पडून राहिलेल्या निबंधाचा उल्लेख तेवढा केला. १८ जून १८८३ रोजी तो राहत्या जागेतून बाहेर पडला आणि परत आला नाही. पुढे लॉर्ड रॅले यांच्या वाचनात तो जुना उल्लेख आला. ते त्या वेळी सोसायटीचे सचिव होते. त्यांनी दप्तर काढायला लावले आणि निबंध सापडला. त्याच्या प्रस्तावनेत रॅले यांनी लिहिले की तो तेव्हा बाजूला पडल्यामुळे या विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे मागे पडली असावी. तरुणांना त्यांनी सल्लाही दिला, की आधी लहान, निर्विवाद कामांनी नाव मिळवावे आणि मग मोठ्या झेपेला हात घालावा. व्यवहार म्हणून सल्ला शहाणपणाचा आहे. पण त्यात एक कबुली दडलेली आहे : चाळणीतून जाताना युक्तिवादाआधी नाव तपासले जाते. बर्नुलीचे उदाहरण मात्र सांगते की नाव असूनही भागले नसते. कॅलरिक ढासळेपर्यंत या कल्पनेला जागा नव्हती; ढासळल्यावर क्रोनिगचा तोकडा लेखही पुरला. म्हणून रॅले यांचा दहा-पंधरा वर्षांचा अंदाज मी त्या निबंधाच्या नाकारण्याला जोडत नाही, छापून न ठेवण्याला जोडतो. परीक्षकांना पटला नाही, हे समजू शकते. तो छापून उपलब्ध असता तर १८५० नंतर जूलच्या शोधांनी जाग्या झालेल्या वाचकाच्या हाती क्लॉसियसच्या आधी पडला असता. ज्या नियमाने लेखकाला त्याचेच कागद परत दिले नाहीत, त्याच नियमामुळे ते टिकलेही. १८९२ मध्ये तो निबंध सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये ऐंशीच्या आसपास पानांत छापला गेला. त्याच्या माथ्यावर आवकेची तारीख आहे ११ डिसेंबर १८४५.